कोसा, कापूस, तणीस आणि खार



आमच्या घरी एक करवतकाठी साडी होती. अंग कोशाचे, काठ सुती, आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी. घरातले एक लग्नकार्य आटोपल्यावर धुण्याचा मोठा ढीग पडला होता. त्या गडबडीत ती साडी सुती लुगड्या-धोतरांबरोबर सोड्याच्या उकळत्या पाण्यात गेली. बाहेर काढून वाळत घातली तेव्हा आजी नुसती पाहत राहिली. कोशाचे अंग निस्तेज आणि खरखरीत झाले होते. पुढे दोनचारदा नेसल्यावर ते घडीवर विरू लागले. काठाला मात्र काहीही झाले नव्हते. त्याचा रंग तसाच होता, पीळ तसाच होता. आजीने तो काठ उसवून ठेवला आणि पुढे दुसऱ्या लुगड्याला लावला.

साडी एक, पाणी एक, सोडा एक. मग एकाचा नाश आणि दुसऱ्याला धक्काही नाही, असे का व्हावे? आज या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. ते शोधताना आपल्याला कळेल की तो काठ घरातल्या सोड्यातून नुसता निभावला, एवढेच नव्हे. साडीच्या काठाला घातलेले ते मर्सराइज्ड सूत मागावर येण्यापूर्वीच त्या सोड्याच्या कितीतरी पट जहाल खारातून गेले होते, आणि त्याची चकाकी त्या खारानेच दिलेली होती.

खार म्हणजे काय

ज्याला रसायनशास्त्रात अल्कली म्हणतात त्याला आपल्याकडे खार हा जुना शब्द आहे. चुलीतली राख पाण्यात कालवून वरचे निवळ पाणी घेतले तर ते बोटांना बुळबुळीत लागते. ते सौम्य खाराचे पाणी. धुण्याचा सोडा त्याच जातीचा, पण अधिक कडक. आणि कॉस्टिक सोडा, ज्यापासून साबण करतात तो, सर्वांत जहाल. त्याचे तीव्र पाणी कातडीवर पडले तर कातडी भाजते.

आपल्या भागात परटाला वरठी म्हणतात. सुती कपडे खाराच्या पाण्यात भिजवून, भट्टीवर रचून, रात्रभर वाफवण्याची त्याची रीत फार जुनी. सुती कापड या भट्टीतून वर्षानुवर्षे जाते आणि तरी टिकते. पण त्याच वरठ्याच्या हाती कोशाचे वस्त्र दिले, की तो ते बाजूला ठेवी. त्याने रसायनशास्त्र वाचले नव्हते. पण कोणत्या धाग्याला खार मानवतो आणि कोणत्याला मानवत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

कोशाचा धागा

कोसा हा किड्याने काढलेला धागा. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात ढिवर समाजातील माणसे ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर हे किडे वाढवतात, आणि आंधळगाव-मोहाडीकडचे कोष्टी त्या धाग्याचे कापड विणतात. हा धागा प्रथिनाचा, म्हणजे लोकर, केस आणि नखे यांच्या कुळातला आहे. प्रथिनाची साखळी ज्या दुव्यांनी जोडलेली असते ते दुवे तीव्र व उकळत्या खारात तुटतात. लोकरीचा किंवा रेशमाचा धागा पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळत ठेवला तर तो विरघळून जातो. कोसा साध्या रेशमापेक्षा चिवट असल्याने थोडा अधिक वेळ तग धरतो, इतकेच. त्याच पाण्यात सुताचा धागा तसाच राहतो. कापडात भेसळ आहे की नाही, हे पाहण्याची ही प्रयोगशाळेतील जुनी परीक्षा आहे.

तरीही कोशाला खार अगदीच वर्ज्य आहे असे मात्र नाही. कोशाच्या फळाचे कवच इतके कठीण असते की ते नुसत्या पाण्यात नीट सुटत नाही. म्हणून ते शिजवताना पाण्यात थोडा सोडा घालतात. पूर्वी राखेचे पाणी घालीत. या सौम्य खाराने धाग्यांना चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ मऊ होतो आणि धागा उलगडता येतो. सोडा कमी पडला तर धागा सुटत नाही. जास्त झाला तर धागाच दुबळा होतो. कोसा शिजवणाऱ्या बाईचे सारे कसब या मापात आहे.

भात आणि तणीस

आता कापसाकडे वळू. कापसाचा तंतू प्रथिनाचा नव्हे, सेल्युलोजचा आहे. आन्सेल्म पायां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली वनस्पतींच्या निरनिराळ्या भागांतून हा पदार्थ वेगळा करून दाखवला. लाकूड असो, बांबू असो, ताग असो की तणीस असो, सर्वांच्या पेशींच्या भिंती मुख्यतः याच पदार्थावर उभ्या असतात. कापूस तर नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असतो.

हा पदार्थ बनला कशाचा? ग्लुकोजचा, आजाऱ्याला बाटलीतून देतात त्याच साखरेचा. आपला जिल्हा धानाचा, म्हणून धानाचेच उदाहरण घेऊ. बांधीतल्या एकाच रोपाला वर लोंबी असते आणि खाली काडी. लोंबीतला तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च. तोही ग्लुकोजचाच बनलेला. काडीतले सेल्युलोजही ग्लुकोजचेच. मणी तेच, पण ओवण्याची तऱ्हा निराळी. स्टार्चमध्ये ते अशा रीतीने जोडलेले असतात की साखळी वळत जाते, सैल राहते, आणि आपल्या पोटातले पाचक रस ती सहज तोडतात. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा मणी आधीच्याच्या मानाने उलटा बसतो, त्यामुळे साखळी सरळ ताठ राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि आपले पाचक रस त्यांचे काही करू शकत नाहीत. म्हणून तांदूळ माणसाच्या ताटात जातो आणि तणीस बैलाच्या गव्हाणीत.

कापसातल्या एका साखळीत असे दहा हजारांच्या आसपास मणी असू शकतात. एवढा लांब रेणू असू शकतो, हेच आधी कोणाला पटत नव्हते. जर्मनीच्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून हे मत मांडले आणि पुष्कळ विरोध सोसून सिद्ध केले. १९५३ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळीच्या प्रत्येक मण्याला तीन ठिकाणी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी असते. तिला हायड्रॉक्सिल गट म्हणतात. एका साखळीचे हे गट शेजारच्या साखळीच्या गटांना धरून ठेवतात. एकेक पकड दुबळी; पण हजारो पकडी मिळून साखळ्यांचे घट्ट जुडगे बनते. जिथे साखळ्या शिस्तीने रचलेल्या असतात तो भाग स्फटिकासारखा असतो आणि त्यात पाणीही शिरत नाही. जिथे रचना विस्कळीत असते तिथे पाणी आणि रंग शिरतात. कापसाच्या तंतूत शिस्तीचा भाग मोठा आणि विस्कळीत भाग लहान असतो.

विणकराच्या मुलाचा शोध

जॉन मर्सर यांचा जन्म १७९१ साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात एका हातमाग विणकराच्या घरी झाला. नवव्या वर्षी ते कांड्या भरण्याच्या कामाला लागले, पुढे मागावर बसले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. रंगकाम आणि रसायनशास्त्र ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. १८४४ साली ते कॉस्टिक सोड्याचे तीव्र पाणी सुती कापडातून गाळीत होते. गाळून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की गाळण्याचे कापड आखडले आहे, जाड आणि काहीसे पारदर्शक झाले आहे, आणि खाली आलेले पाणी आधीपेक्षा कमी तीव्र आहे. याचा अर्थ कापडाने सोडा धरून ठेवला होता.

गाळणे फेकून देऊन दुसरे घेणारे पुष्कळ असतात. मर्सर यांनी ते धुऊन, वाळवून तपासले. ते अधिक मजबूत झाले होते, आणि त्यावर रंग अधिक गडद चढत होता. १८५० साली त्यांनी या कृतीचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात असे कापड मांडलेही गेले. पण व्यापारात ते चालले नाही. कापड जवळजवळ पाव हिश्शाने आखडत होते. शंभर वार कापड घालून पंचाहत्तर-ऐंशी वार मिळणार असेल तर कोणता गिरणीवाला तयार होईल? १८६६ साली मर्सर वारले. त्यांच्या शोधाला मान मिळाला, बाजार मिळाला नाही.

आत काय घडते

आता तंतूच्या आत शिरून पाहू. आपल्याकडे धानाच्या पेंढ्या रचतात त्याची आठवण ठेवा. सगळ्या पेंढ्यांची लोंबीची टोके एकाच बाजूला आणि बुडखे दुसऱ्या बाजूला, असा एक ढीग समजा. नैसर्गिक कापसातल्या प्रत्येक जुडग्यात सेल्युलोजच्या साखळ्या अशाच, सर्वांची तोंडे एकीकडे, अशा बसलेल्या असतात. मात्र शेजारच्या जुडग्याची तोंडे विरुद्ध दिशेला असू शकतात.

सौम्य खार या ढिगाला हात लावू शकत नाही. खारातले सोडियमचे कण पाण्याचे रेणू भोवती गुंडाळून हिंडतात. पाणी भरपूर असले तर हे गाठोडे मोठे होते आणि साखळ्यांमधल्या फटीतून आत जात नाही. डोक्यावर तणसाचा मोठा भारा घेतलेला माणूस जसा अरुंद दारातून जाऊ शकत नाही, तसे. वरठ्याच्या भट्टीने कपड्याचा मळ निघतो, मेण निघते, पण सेल्युलोजची रचना जशीच्या तशी राहते, ती यामुळे. सोडा वाढत गेला की पाणी प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, गाठोडे लहान होते, आणि मग ते शिस्तीच्या भागातही शिरते. कॉस्टिक सोड्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आल्यावर हा बदल दिसू लागतो; गिरण्यांत वीस ते पंचवीस टक्क्यांचे पाणी वापरतात.

आत शिरलेला सोडा साखळ्यांच्या पकडी सोडवतो. ढीग फुगतो. साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात, आणि शेजारच्या उलट तोंडाच्या जुडग्यातल्या साखळ्या त्यांच्यात मिसळतात. मग पाण्याने धुऊन सोडा काढून टाकला की साखळ्या पुन्हा जवळ येतात. पण पहिल्या जागी जात नाहीत. आता एक लोंबी इकडे, एक तिकडे, अशा आलटून-पालटून त्या बसतात. ही नवी मांडणी पहिल्यापेक्षा अधिक स्थिर असते. त्यामुळे एकदा झालेला बदल उलटत नाही. कितीही धुतले तरी सूत पहिल्यासारखे होत नाही. शास्त्रज्ञ पहिल्या मांडणीला सेल्युलोज एक आणि दुसरीला सेल्युलोज दोन म्हणतात. क्ष-किरणांच्या चित्रात दोन्हींचे ठसे वेगवेगळे उमटतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. साखळी तुटलेली नाही. पदार्थ आधीही सेल्युलोज होता, नंतरही सेल्युलोजच आहे. बदलली ती मांडणी. शिवाय नव्या मांडणीत शिस्तीचा भाग पहिल्याहून कमी आणि मोकळा भाग अधिक असतो, म्हणून सूत अधिक पाणी पिते आणि तोच रंग अधिक गडद घेते. कोशाच्या बाबतीत तीव्र खार साखळीच तोडतो. कापसाच्या बाबतीत तो साखळ्यांची जागा बदलतो. आजीच्या साडीचे कोडे येथे सुटते.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. गरम खारात भिजलेल्या सुताला हवा लागत राहिली तर हवेतला ऑक्सिजन सेल्युलोजची साखळी तोडतो आणि कापड कुजल्यासारखे होते. म्हणून गिरणीत कापड खारात उकळताना ते पूर्ण बुडालेले राहील आणि भांड्यात हवा राहणार नाही, याची काळजी घेतात. दोष खाराचा एकट्याचा नसतो. खार, उष्णता आणि हवा या तिघांच्या संगतीचा असतो.

ताण आणि तकाकी

मर्सर यांच्या पेटंटनंतर जवळजवळ चाळीस वर्षे त्यांचा शोध पडून होता. १८९० च्या सुमारास होरेस लो या इंग्रज रसायनतज्ज्ञाने सूत खारात असताना ताणून धरले आणि ताणलेलेच धुतले. आखडणे थांबले, आणि कोणाच्या मनात नसलेली गोष्ट घडली: सुताला रेशमासारखी तकाकी आली. १८९५ साली जर्मनीतील क्रेफेल्ड येथील थॉमस व प्रेव्हो यांनी हीच कृती पुढे आणली आणि तेव्हापासून ती जगभर पसरली. कृतीला नाव मात्र मर्सर यांचेच राहिले. मर्सराइज्ड सूत ते हेच.

तकाकीचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. कच्च्या कापसाचा तंतू चपटा आणि पिळलेल्या फितीसारखा असतो. त्यावर पडलेला प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो. खारात तो फुगून गोल होतो, पीळ उलगडतो, आतली पोकळी जवळजवळ मिटते. ताणून धरल्यामुळे सुरकुत्या राहत नाहीत. मग तो काचेच्या कांडीसारखा प्रकाश परतवतो. ताण नसेल तर सूत आखडते आणि चमक येत नाही. खार तोच, फरक धरण्यात आहे.

कोशाच्या नैसर्गिक झळाळीशेजारी साधे सूत मलूल दिसले असते. मर्सराइज्ड सूत तिच्या पंगतीला बसू शकते. पण आपल्या विणकरांपैकी कोणाला वाटेल की हे काम अंगणात करावे, तर तसे करू नये. तीव्र कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर दृष्टी जाते. द्रावण थंड लागते, कारण तापले की तंतू कमी फुगतो. ताण सर्व लडीभर सारखा लागतो. आणि वापरलेले पाणी नाल्यात सोडले तर मासे मरतात. गिरण्या ते आटवून सोडा परत मिळवतात. हे काम यंत्राचे आहे. विणकराने करायचे ते पारख. मर्सराइज्ड म्हणून विकत घेतलेल्या लडीतला धागा आणि साधा धागा एकाच पातळ रंगात सारखाच वेळ बुडवावा. खरे असेल ते ठळकपणे अधिक गडद निघेल. भाव जास्त देऊन साधे सूत घरी येऊ नये, यासाठी एवढी परीक्षा पुरेशी आहे. मागांची संख्या पूर्वीपेक्षा फार घटली आहे; जे उरले त्यांना वाईट सुताचा तोटा सोसवणारा नाही.

तणसाची गोष्ट

खाराचा जो उपयोग आपल्या जिल्ह्यात प्रत्येक गोठ्यात करता येईल तो तणसाचा. तणसात सेल्युलोज आहे, पण ते कापसासारखे शुद्ध नाही. त्याच्याभोवती लिग्निन नावाच्या कठीण पदार्थाचे वेष्टन आहे आणि भातकाडीत वाळूतल्यासारखी सिलिकाही भरपूर आहे. गाई-बैलांच्या पोटातील सूक्ष्म जंतू सेल्युलोज पचवू शकतात, पण या वेष्टनामुळे ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून पोटभर तणीस खाऊनही उन्हाळ्यात जनावराच्या फासळ्या दिसतात.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत वैरणीचा दुष्काळ पडला तेव्हा एर्न्स्ट बेकमान यांनी काडी कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात थंड भिजवून धुण्याची रीत काढली. बेकमान म्हणजे ज्यांच्या नावाचा तापमापक महाविद्यालयात वापरतात तेच. काडी पुष्कळ अधिक पचू लागली. पण धुण्याला पाणी फार लागे, काडीतला विरघळणारा चांगला अंश त्याबरोबर वाहून जाई, आणि नद्या घाण होत.

यावर पुढे निघालेला सोपा उपाय म्हणजे युरिया. शंभर किलो कोरड्या तणसाला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरांवर सारखा शिंपडून, दाबून, हवा जाणार नाही असे झाकून तीन आठवडे ठेवावे. ओलाव्यात युरियाचा अमोनिया होतो. अमोनिया हा सौम्य खारच. तो सेल्युलोजच्या स्फटिकाची मांडणी बदलत नाही. तेवढे त्याचे बळ नाही. पण लिग्निनची बाकीच्या भिंतीशी असलेली पकड तो सैल करतो, काडी फुगते, मऊ होते आणि जंतूंना वाट मिळते. पचनीयता साधारण आठ-दहा टक्क्यांनी वाढते. तणसातले प्रथिन तीन-चार टक्के असते, ते हिशेबाने सात-आठ टक्क्यांवर जाते. कारण अमोनियातले नायट्रोजन काडीत राहते आणि पोटातले जंतू त्यापासून प्रथिन बनवतात.

पथ्ये मात्र काटेकोर पाळावीत. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विष आहे. झाकण काढल्यावर वास उडेपर्यंत तणीस पसरून ठेवावे. सहा महिन्यांच्या आतील वासरांना ते घालू नये. सुरुवातीला थोडे घालून सवय करावी.

समारोप

तर मंडळी, कोशाच्या फळाला चिमूटभर सोडा, कापसाच्या सुताला जहाल आणि थंड कॉस्टिक, तणसाला युरियातून निघालेला अमोनिया: जात एकच, मात्रा निराळ्या आणि परिणामही निराळे. खार चांगला की वाईट, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. समोर प्रथिन आहे की सेल्युलोज, खार किती तीव्र, किती गरम, आणि धागा मोकळा की ताणलेला, एवढे विचारावे. वरठ्याला आणि कोसा शिजवणाऱ्या बाईला यातले अर्धे आधीच माहीत होते. उरलेले अर्धे मर्सर यांच्यासारख्या, गाळण्याचे कापड फेकून न देणाऱ्या माणसांनी दाखवले.

आजीचा तो काठ अजून घरात आहे. ज्या लुगड्याला तो दुसऱ्यांदा लावला होता ते लुगडेही आता फाटले. काठ तेवढा चकाकतो.